सत्तरपैकी अडीच गुण

१९८६ सालच्या नोव्हेंबरात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कॅलिफोर्नियातले डॉ. विल्यम समर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख छापून आला. अल्झायमरच्या सतरा रुग्णांना त्यांनी टॅक्रिन नावाचं औषध दिलं होतं. तोवर या आजारावर औषध म्हणावं असं काही नव्हतंच. आणि इथे लिहिलं होतं की एका रुग्णाने घरकाम पुन्हा हाती घेतलं, एक अर्धवेळ नोकरीवर परतला, निवृत्त झालेला एक जण रोज गोल्फ खेळायला जाऊ लागला. ज्या घरात आई स्वतःच्याच लेकीला ‘तुम्ही कोण?’ असं विचारते, त्या घराने हे वाचून काय करावं? अमेरिकेतल्या हजारो कुटुंबांनी कुणीही केलं असतं तेच केलं. हे औषध आम्हालाही मिळू द्या, म्हणून त्यांनी सरकारचं दार ठोठावलं.

टॅक्रिनमागचा विचार पक्का होता. अल्झायमरने गेलेल्या माणसांच्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिन हा निरोप्या रेणू तयार करणारी यंत्रणा पार खालावलेली असते, हे सत्तरच्या दशकात ब्रिटनमधल्या संशोधकांना दिसलं होतं. स्मरण आणि अवधान यांच्यासाठी हा रेणू महत्त्वाचा. एका पेशीने तो सोडला, दुसरीने झेलला, की एक एन्झाइम लगेच त्याचे तुकडे करतं. टॅक्रिन त्या एन्झाइमला अडवतं, म्हणून जे काही थोडं अ‍ॅसिटिलकोलिन उरलेलं आहे ते जास्त वेळ टिकतं. विहीर आटत चालली असताना पोहऱ्याची भोकं बुजवावीत, तसा हा उपाय. वर येणारं पाणी काही काळ वाढतं, झरे मात्र आटतच राहतात. पेशी मरण्याचं थांबत नाही. पुढच्या पस्तीस वर्षांत या गटातल्या औषधांबद्दल जे जे दिसलं, ते बहुतेक सगळं या एका गोष्टीतून उलगडतं.

पुढे मोठ्या चाचण्या झाल्या. १९९१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, समर्स यांच्या मूळ अभ्यासाच्या पद्धतीबद्दल गंभीर शंका त्याच नियतकालिकात छापल्या. १९९३ मध्ये टॅक्रिनला मान्यता मिळाली खरी, पण शेकडो रुग्णांवर तपासल्यावर नोकरी आणि गोल्फ यांच्या जागी उरला तो कसोटीतल्या काही गुणांचा फरक. औषध दिवसातून चार वेळा घ्यावं लागे आणि जवळपास निम्म्या रुग्णांत यकृताची एन्झाइम्स वाढत. आज ते बाजारातून गेलेलं आहे.

सतरा माणसांत दिसलेलं एवढं मोठं यश शेकड्यांत गेल्यावर असं का विरघळलं? यात कुणाची लबाडी असावी लागत नाही. हा आजार सरळ रेषेत उतरत नाही. आज बरं, उद्या वाईट, परवा पुन्हा बरं, असं चालतं. कुटुंब डॉक्टरकडे जातं ते बहुतेक वेळा एखाद्या फार वाईट आठवड्यानंतर, आणि वाईट आठवड्यानंतर जरा बरा आठवडा यायचाच असतो. लघवीतला जंतुसंसर्ग बरा होतो, झोपेची गोळी कुणीतरी बंद करतं, नव्या डॉक्टरच्या येण्याजाण्याने घरातल्यांचं रुग्णाकडे लक्ष वाढतं, त्याच्याशी जास्त बोललं जातं. तीच ती कसोटी पुन्हा पुन्हा दिली की थोडी सवय होते. आणि गुण देणाऱ्यालाही मनातून औषध लागू पडावं असं वाटत असतं. हे सगळं मिळून जो सुधार दिसतो, तो औषधाच्या नावावर जमा होतो.

म्हणून पहिला प्रश्न ‘फरक पडला का?’ हा नाही. ‘औषध घेतलं नसतं तर काय झालं असतं?’ हा आहे. एकाच माणसाबाबत याचं उत्तर कधीच मिळू शकत नाही, कारण तो माणूस दोनदा जगत नाही. मिळतं ते मोठ्या गटात: चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना औषध, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, आणि कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत, ना घरच्यांना, ना गुण देणाऱ्याला.

दुसरा प्रश्न मोजायचं कशाने हा. रक्तदाबाला पारा आहे, साखरेला मीटर आहे. स्मृतीला काय? अमेरिकेत १९८४ मध्ये तयार झालेली ‘एडास-कॉग’ ही कसोटी या क्षेत्रात सर्वाधिक वापरली गेली. दहा शब्द दाखवायचे आणि आठवायला सांगायचे, वस्तूंची नावं विचारायची, साध्या सूचना पाळायला लावायच्या, आकृती काढून घ्यायची, आज कुठला वार, आपण कुठे आहोत ते विचारायचं. शून्यापासून सत्तरपर्यंत गुण असतात आणि हे गुण चुकांचे असतात. जितके जास्त तितकी अवस्था वाईट.

एफडीएने एक शहाणपणाची अट घातली होती. नुसत्या कसोटीत गुण सुधारले म्हणून औषध मान्य करायचं नाही. रुग्णाला भेटून, घरच्यांशी बोलून, कसोटीचे गुण न पाहता अनुभवी डॉक्टरने एकूण मत द्यायचं, आणि तिथेही फरक दिसला पाहिजे. दारावर दोन कुलपं, आणि दोन्ही उघडायला हवीत. मला ही अट फार महत्त्वाची वाटते, कारण चार शब्द जास्त आठवणं आणि आंघोळ स्वतः करता येणं यांच्यात मोठं अंतर आहे.

आता त्या गोळीकडे येऊ, जी आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात अल्झायमरच्या बहुतेक रुग्णांच्या कागदावर असते: डोनेपेझिल. जपानच्या आयसाय कंपनीत हाचिरो सुगिमोतो आणि त्यांच्या गटाने ती शोधली. सुगिमोतोंच्या आईलाच स्मृतिभ्रंश झाला होता. टॅक्रिनचंच तत्त्व, पण दिवसातून एकच गोळी, आणि यकृताचा तो त्रास नाही. अमेरिकेत १९९६ च्या नोव्हेंबरात मान्यता मिळाली.

मान्यतेच्या पायाशी असलेल्या एका चाचणीत ४७३ रुग्ण होते आणि ती २४ आठवडे चालली. दहा मिलिग्रॅमच्या गटात आणि प्लासिबोच्या गटात शेवटी फरक पडला तो २.८८ गुणांचा, पाच मिलिग्रॅमला २.४९. पुढे सगळ्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये जो आढावा घेतला, त्यातला दहा मिलिग्रॅमचा आकडा २.६७ आहे. सत्तरपैकी अडीच-पावणेतीन. दहा शब्दांच्या यादीतले दोन-अडीच शब्द जास्त आठवावेत, इतपत. डॉक्टरांच्या एकूण मताची मोजपट्टी सात पायऱ्यांची असते; तिच्यावर फरक अर्ध्या पायरीहूनही कमी होता. दोन्ही कुलपं उघडली, पण जेमतेम. सहा महिन्यांत चार गुणांचा फरक पडला तर तो रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण मानावा, असा या क्षेत्रात जुना संकेत आहे, आणि सरासरी त्याच्या खाली राहते.

सरासरीत सगळे सारखे होतात, काहींना खूप फायदा होत असेल आणि काहींना शून्य, असं इथे कुणी म्हणेल. रास्त आहे. तो हिशेबही उपलब्ध आहे. त्या चाचणीत चार किंवा अधिक गुणांनी सुधारलेले रुग्ण दहा मिलिग्रॅमच्या गटात शेकडा ५४ होते, पाच मिलिग्रॅमच्या गटात ३८. आकडा चांगला दिसतो. पण प्लासिबो घेणाऱ्यांतही शेकडा २७ जण तितकेच सुधारले होते. म्हणजे मोठा डोस घेऊन सुधारलेल्या दर दोघांतला एक जण गोळीत काहीच नसतं तरी सुधारला असता, आणि तो कोण हे त्याला पाहून कुणालाही सांगता येणार नाही. शेजारच्या काकांना या गोळीने कसा फरक पडला हे आपण ऐकतो तेव्हा काका खरंच बोलत असतात. गोळीमुळेच पडला का, एवढंच त्यांना ठाऊक नसतं.

हे आकडे वाचताना आणखी एक जागा आहे जिथे डोळ्यात तेल घालून पाहावं लागतं: मध्येच सोडून गेलेले रुग्ण. प्लासिबो गटातले शेकडा ८० जण चाचणीच्या शेवटपर्यंत टिकले, दहा मिलिग्रॅमच्या गटातले फक्त ६८. मळमळ, उलट्या, जुलाब यांनी लोक सोडून गेले. गेलेल्यांचे शेवटचे गुण मग कुठून आणायचे? त्या काळी रीत अशी की त्यांची शेवटची नोंद तशीच पुढे ओढून शेवटच्या तारखेला लावायची. ज्या आजारात माणूस आपोआप बरा होतो तिथे ही रीत औषधाच्या विरुद्ध जाईल. पण जिथे माणूस महिन्यागणिक उतरतच असतो, तिथे जो लवकर सोडून गेला त्याची घसरण कागदावर तिथेच गोठते. ज्या गटातून जास्त लोक जातात, तो गट आहे त्यापेक्षा बरा दिसतो. त्रास देणारं औषध त्याच त्रासामुळे जास्त गुणकारी दिसावं, अशी ही विचित्र गाठ. यामुळे पूर्ण फरक खोटा ठरत नाही, पण अडीच गुणांत थोडी हवा आहे हे लक्षात ठेवावं लागतं.

त्याच चाचणीच्या शेवटी सहा आठवडे सगळ्यांना प्लासिबोच दिलं गेलं, आणि गटांमधला फरक नाहीसा झाला. मला स्वतःला हा सगळ्या पुराव्यातला सर्वांत बोलका तुकडा वाटतो. औषधाने आजाराची चाल मंदावली असती तर ते थांबल्यावरही कमावलेलं अंतर राहिलं असतं. ते राहिलं नाही. डोनेपेझिल लक्षणांवर काम करतं, आजारावर नाही. ‘ही गोळी सुरू केली की आजार पुढे जाणार नाही’ असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे, आणि या चुकीची किंमत घरातली माणसं महिन्यामागून महिने मोजतात.

प्रयोगशाळेतल्या कसोटीला हा फरक दिसतो. घराला दिसतो का? हा प्रश्न कंपनीच्या पैशाविना विचारला गेला तो इंग्लंडमध्ये. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी सरकारी निधीतून ५६५ रुग्णांचा अभ्यास केला. ‘एडी २०००’ या नावाने तो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. कसोटीतला फरक इथेही दिसला: तीस गुणांच्या ‘एमएमएसई’ परीक्षेत ०.८. पण संशोधकांनी मुख्य प्रश्न विचारला होता तो वेगळाच. रुग्णाला घर सोडून शुश्रूषागृहात जावं लागलं का? तीन वर्षांअखेर डोनेपेझिलवाल्यांत हे प्रमाण शेकडा ४२, प्लासिबोवाल्यांत ४४. यात फरक आहे असं म्हणता येत नाही. या अभ्यासावर टीकाही झाली, आणि तिच्यात तथ्य होतं. ठरवले होते त्याच्या मानाने फारच थोडे रुग्ण मिळाले, आणि डॉक्टरला औषधाचा फायदा होईल अशी खात्री असलेले रुग्ण मुळात अभ्यासात आलेच नाहीत. तरीही, जो प्रश्न घरच्यांचा होता तो विचारणारा हा पहिला मोठा अभ्यास.

दुसरा, आणि माझ्या मते अधिक उपयोगी अभ्यास २०१२ चा: ‘डोमिनो’. प्रश्नच उलटा होता. आजार मध्यम ते तीव्र झाला आहे, रुग्ण डोनेपेझिल घेतोच आहे. आता ती बंद करायची की चालू ठेवायची? २९५ रुग्णांपैकी काहींची गोळी गुपचूप प्लासिबोने बदलली गेली. वर्षभरात गोळी चालू ठेवलेल्यांचे एमएमएसईचे गुण सरासरी १.९ ने जास्त राहिले. संशोधकांनी आधीच ठरवून ठेवलं होतं की १.४ च्या वरचा फरक महत्त्वाचा मानायचा. तो ओलांडला गेला. जेवणं, कपडे घालणं, शौचाला जाणं अशा रोजच्या कामांच्या मोजपट्टीवर ३ गुणांचा फरक आला, आणि तिथे आधी ठरवलेली रेघ ३.५ ची होती. ती गाठली नाही. रेघ आधी आखून मग मोजणं हे सचोटीचं काम आहे. निकाल पाहून रेघ सरकवणं फार सोपं असतं. पाठपुराव्यात, २०१५ मध्ये, असं दिसलं की गोळी बंद केलेल्यांना पहिल्या वर्षात शुश्रूषागृहात हलवावं लागण्याचा धोका दुपटीहून जास्त होता, पण पुढच्या तीन वर्षांत गटांत फरक उरला नाही. पोहऱ्याची भोकं बुजवल्याचा फायदा असतो, आणि तो तेवढाच असतो.

हाच पुरावा हातात घेऊन दोन शहाणे देश दोन टोकांना गेले. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने आधी ही औषधं फक्त मध्यम अवस्थेपुरती मर्यादित केली, त्यावरून कोर्टकचेरी झाली, आणि २०११ मध्ये सौम्य अवस्थेतही द्यायला हरकत नाही असं ठरवलं. फ्रान्सने २०१८ च्या ऑगस्टपासून या औषधांचा खर्च सरकारी विम्यातून देणंच थांबवलं: फायदा फार लहान, दुष्परिणाम खरे. दोघांपैकी कुणी आकडे चुकीचे वाचले नव्हते. लहान, तात्पुरत्या फायद्याला किती मोल द्यायचं, हे आकड्यांतून निघत नाही. ते ठरवावं लागतं, आणि जे सरकार ठरवतं ते आपल्याकडे घराला ठरवावं लागतं, कारण इथे गोळीचे पैसे बहुधा घरातूनच जातात.

आकडे वाकवले जातात ते कसे, याचं उदाहरणही याच गोळीच्या इतिहासात आहे. २०१० मध्ये अमेरिकेत डोनेपेझिलच्या पेटंटची मुदत संपत आली होती. त्याच वर्षी २३ मिलिग्रॅमची नवी गोळी बाजारात आली. पाच आणि दहाच्या गोळ्या कशाही जोडल्या तरी तेवीस होत नाहीत. तिच्या चाचणीत चौदाशेहून अधिक रुग्ण होते. दहा मिलिग्रॅमच्या तुलनेत शंभर गुणांच्या कसोटीत फरक आला २.२ चा, आणि डॉक्टरांच्या एकूण मतात काहीच नाही. एक कुलूप उघडलं, दुसरं बंदच राहिलं. उलट्यांचं प्रमाण मात्र शेकडा अडीचवरून नऊच्या वर गेलं. एफडीएच्याच तपासनीसांनी मान्यता देऊ नये असं लिहिलं होतं. तरी ती मिळाली. स्वतःच घातलेली अट त्या संस्थेने स्वतःच बाजूला ठेवली, आणि वृद्ध माणसांच्या उलट्यांनी तिची किंमत मोजली. याबद्दल मला आजही राग येतो.

दुष्परिणामांच्या चर्चेत आपल्या डॉक्टरांच्या भेटी फार घाईत संपतात, म्हणून इथे थोडं थांबतो. अ‍ॅसिटिलकोलिन फक्त मेंदूत नसतं. हृदयाचे ठोके मंदावणं, आतड्यांची हालचाल वाढणं, मूत्राशय आकसणं ही त्याचीच कामं. म्हणून डोनेपेझिलने नाडी मंद होऊ शकते, चक्कर येऊन माणूस पडू शकतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या नोंदींवरून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात ही औषधं घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत बेशुद्ध पडून दवाखान्यात येण्याचं, पेसमेकर बसवण्याचं आणि खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलं. गोळी सुरू करण्यापूर्वी नाडी पाहणं आणि ईसीजी काढणं ही मोठी गोष्ट नाही, पण ती व्हायला हवी.

आणि एक साखळी. गोळीमुळे लघवीची घाई होते, कपडे ओले होतात. घरचे दुसऱ्या डॉक्टरकडे नेतात. ते लघवी रोखणारी गोळी देतात. त्या गटातली अनेक औषधं नेमकी अ‍ॅसिटिलकोलिनलाच अडवतात. एक गोळी ते वाढवायला बघते, दुसरी ते बंद पाडते, आणि रुग्ण आणखी गोंधळतो. सर्दीच्या साध्या गोळ्यांमधलं क्लोरफेनिरामाइन, झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन हीसुद्धा अ‍ॅसिटिलकोलिन अडवणारीच औषधं. नवं औषध सुरू करण्याआधी जुन्या औषधांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओतावी. एखादं बंद करून जो फरक पडतो तो कधीकधी डोनेपेझिलच्या अडीच गुणांपेक्षा मोठा असतो.

नुसता विसरभोळेपणा वाढला आहे, व्यवहार अजून नीट चालतात, अशा अवस्थेत ही गोळी घ्यावी का? ७६९ लोकांवर तीन वर्षं चाललेली अमेरिकी चाचणी २००५ मध्ये आली. पहिल्या वर्षी अल्झायमरकडे होणारी वाटचाल मंदावल्यासारखी दिसली, तिसऱ्या वर्षाअखेर फरक नव्हता. या अवस्थेसाठी औषधाला मान्यता नाही.

हे सारे अभ्यास बहुतांशी शाळा शिकलेल्या, अमेरिका-युरोपातल्या लोकांवर झाले. कसोट्याही त्यांच्याच. वाक्य लिहून दाखवा, कागदावरची सूचना वाचून तसं करा, असं एमएमएसई सांगते. आयुष्यात अक्षर न गिरवलेल्या आजीचे गुण इथे आजाराशिवायच जातात. म्हणून हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करताना मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी निरक्षर वृद्धांसाठी हिंदी आवृत्ती नव्याने घडवली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज अलीकडच्या राष्ट्रीय पाहणीतून आला आहे. त्यातल्या कित्येक जणींचे गुण आपण अजून त्यांना न बसणाऱ्या पट्टीने मोजतो आहोत.

डोनेपेझिलचा पुरावा लहान असला तरी पुरावा आहे. औषधांच्या दुकानात स्मृतीसाठी म्हणून जे आणखी विकलं जातं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींच्या मागे तेवढंही नाही. पिरासिटॅम आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. कॉक्रेनच्या आढाव्याला स्मृतिभ्रंशात त्याच्या वापराला आधार सापडला नाही. गिंको बिलोबाची पानं तर जगभर खपतात. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांवर सरासरी सहा वर्षं चाललेल्या चाचणीत गिंको घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना स्मृतिभ्रंश झाला, प्लासिबो घेणाऱ्यांपैकी २४६ जणांना. ‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही’ या वाक्याने किती पेन्शनी संपत असतील!

आता नवी औषधं आली आहेत, मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन धुऊन काढणारी. त्यांतल्या लेकॅनेमॅबच्या चाचणीत १,७९५ रुग्ण होते. ‘घसरण २७ टक्क्यांनी मंदावली’ ही बातमी मराठी वर्तमानपत्रांपर्यंत पोचली. त्या २७ टक्क्यांच्या मागचे आकडे असे: अठरा गुणांच्या मोजपट्टीवर दीड वर्षात प्लासिबोवाले १.६६ ने घसरले, औषधवाले १.२१ ने. फरक ०.४५. या मोजपट्टीत एका रुग्णाचे गुण अर्ध्याच्या पटीतच बदलतात. म्हणजे सरासरी फरक तिच्या सर्वांत लहान पायरीहूनही लहान. त्यासाठी दर दोन आठवड्यांनी सलाइनवाटे औषध, वारंवार एमआरआय, आणि शेकडा साडेबारा जणांच्या मेंदूत सूज, प्लासिबोत शेकडा १.७. बहुतेकांना ती सूज जाणवली नाही, काहींना गंभीर झाली. सूज आली की रुग्णाला आणि डॉक्टरलाही अंदाज येतो की आपण औषधाच्या गटात आहोत, आणि मग आंधळेपणाने गुण देण्याची अट सैल पडते. हे लहानसं अंतर औषध थांबवल्यावर टिकेल का, वर्षागणिक वाढेल का, हा खरा प्रश्न आहे. वाढलं तर ही औषधं डोनेपेझिलहून वेगळ्या जातीची ठरतील. त्याचं उत्तर दीड वर्षाच्या चाचणीत मिळत नाही.

घरात निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा या सगळ्याचा उपयोग कसा करायचा? माझं मत: सौम्य किंवा मध्यम अल्झायमर असेल, नाडी ठीक असेल, तर डोनेपेझिल देऊन पाहणं वावगं नाही. पण गोळी सुरू होण्याच्या आधी वहीत लिहून ठेवावं की आज काय काय जमतं. शर्टाची बटणं लावता येतात का, देवळातून एकट्याने घरी येता येतं का, चहा कुणाच्या मदतीशिवाय होतो का, नातवाचं नाव कितीदा चुकतं, रात्री कितीदा उठतात, जेवण किती जातं, वजन किती आहे. लिहिणारा शक्यतो एकच माणूस असावा. पाच मिलिग्रॅमवर चार-सहा आठवडे, सोसलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा, आणि तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तेच प्रश्न, आधीची उत्तरं न पाहता. घसरण थांबल्यासारखी वाटली तर ठेवावी. वजन उतरत असेल, पोट बिघडलेलंच राहत असेल, चक्कर येत असेल, तर वहीतला फायदा त्यापुढे किती आहे ते डॉक्टरांसमोर बसून पाहावं.

बंद करायची ठरली तर एकदम नको. आधी दहाची पाच करून काही आठवडे पाहावं, मग थांबवावी. थांबवल्यावर पहिले चार-सहा आठवडे वही रोज भरावी. घसरण स्पष्ट दिसली तर वाट न पाहता डॉक्टरांना सांगून गोळी पुन्हा सुरू करावी, कारण मधला खंड लांबला तर गोळी परत सुरू करूनही आधीची पातळी पूर्ण परत येत नाही, असं चाचण्यांच्या पुढच्या टप्प्यांत दिसलेलं आहे.